फुलीची मुदत

काही माणसांना जमवायला आवडतं, काहींना मिरवायला. थोरलीला टाकून द्यायला आवडायचं. घरात रिकामी बाटली, तुटका हँगर, एकाच पायाचा मोजा असं काही दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. तिची आई नेमकी उलट. तिच्या कपाटात जुन्या चष्म्यांच्या काड्यासुद्धा जपून ठेवलेल्या. "हिच्या हाती घर दिलं तर एक दिवस मलाही रद्दीत घालेल," आई म्हणायची. "घातलं असतं, पण तुला न्यायला टेम्पो लागेल," थोरली म्हणायची, आणि आईची पाठ वळली की दोन काड्या कमी करायची.

नोकरीही तिला स्वभावाला साजेशी मिळाली होती. शहरभरच्या इमारतींच्या दारांची कुलुपं सांभाळणाऱ्या कंपनीत ती लॉग सांभाळायची. कंपनीचं काम तसं सोपं. कार्ड टेकवलं की दार उघडायचं. कार्ड रद्द झालं की दिवा लाल व्हायचा. पण दार प्रत्येक वेळी कंपनीला विचारत बसत नसे, कारण लाइन गेली तर लोक बाहेर ताटकळतील. प्रत्येक दाराची स्वतःची एक पाटी होती, तिच्यावर चालू कार्डांचे नंबर. आणि त्या पाट्या ताज्या राहाव्यात म्हणून मध्यभागी हा लॉग: मेसेजांची एक न संपणारी रांग. अमुक कार्ड चालू, तमुक बंद, नवा मेसेज आला की रांगेच्या शेपटाला. दारं आपापल्या चालीनं ती रांग वाचायची आणि आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवायची. लाइन गेली, वीज गेली, तरी परत आल्यावर सोडलं तिथून पुढे.

आता रांग न संपणारी असली तरी डिस्क संपणारी असते. म्हणून झाडू. थोरलीनं लावून दिलेला एक प्रोग्रॅम सतत मागून फिरायचा आणि प्रत्येक कार्डाचा फक्त शेवटचा मेसेज ठेवून आधीचे सगळे टाकून द्यायचा. परवा चालू, काल बंद, आज चालू. तर आजचा ठेवा, बाकीचा इतिहास कुणाला हवाय? कार्ड कायमचं रद्द करायचं तर त्या नंबराचा एक रिकामा मेसेज टाकायचा. ऑफिसात त्याला फुली म्हणत. दारानं फुली वाचली की पाटीवरून तो नंबर पुसला. झाडूनं फुली पाहिली की त्या कार्डाचं आधीचं सगळं साफ. आणि काही दिवसांनी, सगळ्या दारांनी वाचली असेल असं धरून, झाडू ती फुलीही उचलायचा. मग ते कार्ड कधी होतं याचा लॉगमध्ये मागमूस राहत नसे.

थोरलीला यातलं हे शेवटचं फार आवडायचं. टाकून दिल्याची खूणसुद्धा टाकून देणं.

फुलीनं किती दिवस थांबायचं, ही मुदत पूर्वी आठवड्याची होती. उन्हाळ्यात डिस्क भरत आली, साहेब रोज येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहू लागले, तेव्हा तिनं ती एका दिवसावर आणली. "दिवसभर कोणतं दार झोपून राहतं?" ती म्हणाली. डिस्क हलकी झाली, साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं, आणि बाकीच्यांनी तिचं नाव झाडूताई पाडलं. तिला ते नाव वाटत होतं तेवढं खटकलं नाही.

धाकटी, म्हणजे तिची बहीण, तशी आईच्या वळणावर गेलेली. काही टाकवायचं नाही. नवरासुद्धा सहा वर्षं टाकवला नाही. नवरा बोलायला गोड होता. इतका, की थोरलीनं त्याला लग्नातच मधाळ हे नाव ठेवलं होतं. मारायचा, मग रडायचा, मग पाया पडायचा, मग सासूबाईंना फोन करायचा. आणि आई फोन ठेवून सांगायची, "जावई म्हणतात, आता पुन्हा नाही."

"तुझ्या डोक्यातही माझ्याच लॉगसारखी व्यवस्था आहे," थोरली म्हणायची. "शेवटचं बोललेलं तेवढं ठेवायचं, आधीचं साफ."

"तुझं काय जातंय बोलायला? संसार तिला करायचाय."

धाकटी कधीमधी थोरलीला फोटो पाठवायची. दंडाचा, मानेचा, एकदा पाठीचा. थोरली ते बघायची, संतापायची, त्याला मनसोक्त शिव्या घालायची आणि महिनाअखेरीला फोन साफ करताना बाकीच्या कचऱ्याबरोबर पुसून टाकायची. असलं काही फोनमध्ये ठेवून झोप कशी लागणार?

शेवटी धाकटीनं त्याला सोडलं. एका इमारतीत चौथ्या मजल्यावर तिचं लहानसं घर होतं, तिच्या नावावर. तिथून तो आपले कपडे घेऊन गेला, आणि दाराचं कार्डही घेऊन गेला. इमारतीची कुलुपं थोरलीच्याच कंपनीची. सोमवारी सकाळी थोरलीनं कार्डांच्या टेबलापाशी स्वतः उभं राहून त्याच्या नंबरावर फुली टाकून घेतली. मेसेज रांगेत गेलेला डोळ्यांनी पाहिला आणि फोन लावला.

"झालं. आता त्याच्या कार्डाला मांजराच्या पिंजऱ्याचं दारसुद्धा उघडणार नाही."

धाकटी म्हणाली, "ताई, मी थोडे दिवस तुझ्याकडेच येऊ का? दोन बॅगा आणि शिलाई मशीन. कोपऱ्यात पडून राहीन."

थोरलीच्या डोळ्यांसमोर तिचा कोपरा आला. पुसलेला, रिकामा, ज्यात काहीही नाही म्हणूनच सुंदर. "अगं, भिऊन आपलंच घर कशाला सोडायचं? मी आहे ना कुलपावर बसलेली."

मंगळवारी तिनं दारांकडून येणारे मेसेज सहज पाहिले, तर त्याचं कार्ड पुढच्या दाराला टेकलं होतं. लाल. बुधवारी दोनदा. लाल, लाल. तिनं धाकटीला हसत कळवलं, "रोज येतो आणि डोकं आपटून जातो. कुलूप काय म्हणतात ते कळू दे जरा त्याला."

"रोज येतो?" धाकटी म्हणाली.

"येतो म्हणजे परत जातो. तेच सांगतेय मी. खालचं दार ओलांडून तुझ्या दाराशी जो पोचेल तो आपल्यातलाच, एवढं धरून चाल आणि शांतपणे मशीन चालव."

हे वाक्य धाकटीनं जपून ठेवलं. ती काही टाकणाऱ्यातली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात गप्पू आला. हा कंपनीचा वायरमन, दारांची यंत्रं बसवणारा. हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं म्हणून हे नाव. टेबलाच्या कडेला बूड टेकून त्यानं थोरलीच्या डब्यातलं बिस्किट न विचारता उचललं.

"झाडूताई, तुमच्या बहिणीच्या इमारतीत होतो काल संध्याकाळी. त्या कचऱ्याच्या डब्यांच्या बोळातलं मागचं दार. वरून पाइप गळून यंत्रात पाणी. रविवारपासून मेलेलं! लोक पुढून जातात, मागच्याची आठवण कुणाला? मी उघडलं, पुसलं, वाळवलं, जोडलं. आता असं पळतंय की विचारू नका."

"बरं केलंस," थोरली स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. मग तिची नजर स्क्रीनवरच थांबली. "रविवारपासून?"

"रविवारपासून. चारच दिवस तर होते."

"पाटी पुसलीस ना त्याची?"

दारांच्या कामात हा एक जुना रिवाज होता. जे दार फुलीच्या मुदतीपेक्षा जास्त झोपलं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. त्याची पाटी कोरी करायची आणि सगळी रांग पहिल्यापासून वाचायला लावायची. कारण ते झोपेत असताना एखादी फुली आली आणि उचलली गेली, तर त्याला कधी कळणारच नाही.

"छे! पाटी पुसली की पुन्हा भरायला अर्धा दिवस जातो, इमारतवाले डोकं खातात," गप्पू म्हणाला. "आठवड्याच्या आतलं होतं. आठवड्याच्या आत पुसायची नाही, हे तुम्हीच तर शिकवलंत मला."

शिकवलं होतं. मुदत बदलली तेव्हा साहेबांना सांगितलं होतं, मीटिंगमध्ये सांगितलं होतं, डिस्कच्या आलेखासह सांगितलं होतं. गप्पूला सांगायचं राहिलं होतं. तो मीटिंगला बसत नसे.

थोरलीनं बोटांवर हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. दार रविवारी झोपलं. फुली सोमवारी पडली. मंगळवारी झाडूनं ती उचलली. नियमाप्रमाणे, वेळेवर, स्वच्छ. गुरुवारी दार उठलं आणि रविवारी सोडलं होतं तिथून पुढे वाचू लागलं. पुढे फुली नव्हतीच.

तिनं मागच्या दाराची पाटी उघडली. नंबर टाकला. चालू. त्याच्या खाली, शेवटचं कधी उघडलं त्या रकान्यात, आजची तारीख होती आणि आत्ताची वेळ. दोन मिनिटांपूर्वीची.

"काय झालं?" गप्पूनं विचारलं. बिस्किट त्याच्या हातातच राहिलं.

तिनं आधी नवी फुली टाकली. माणसाचं असंच असतं, हात आधी ओळखीच्या कामाकडे जातो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दारानं ती वाचली आणि नंबर पुसला. पाटी स्वच्छ झाली. तो आत होता.

मग तिनं फोन लावला. "पोलिसांना फोन कर," ती गप्पूला म्हणाली, "माझ्या बहिणीच्या इमारतीचा पत्ता सांग. चौथा मजला." गप्पूनं आयुष्यात पहिल्यांदा उलट प्रश्न विचारला नाही.

"बोल ताई." मागे शिलाई मशीनची टकटक. धाकटीनं फोन नेहमीसारखा स्पीकरवर टाकून मशीनच्या फळीवर ठेवला असणार.

"ऐक, दार..."

"काय? थांब, मशीन बंद करते. अगं, बेल वाजतेय बघ नेमकी. शेजारच्या काकू असतील, त्यांचा झगा शिवून ठेवलाय. आले हं, धर."

"उघडू नकोस!" थोरली ओरडली. सगळं ऑफिस उभं राहिलं. "उघडू नकोस, ऐकतेस का? तो आहे! उघडू नकोस!"

तिचा आवाज मशीनच्या फळीवर पडला असेल, झग्यावर पडला असेल. फोनमधून चपलांचा आवाज दूर गेला. कडी सरकली. साखळी लावायचा आवाज आला नाही. ती साखळी लावायची सवय धाकटीला होती. याच आठवड्यात मोडली होती.

आणि मग मधासारखा आवाज आला, "अगं, मीच आहे. किती घाबरतेस?"

त्यापुढचं थोरलीनं सगळं ऐकलं. फोन ठेवायचं तिला सुचलं नाही, आणि का ते नंतर पोलिसांकडच्या तपासाच्या बाईंनी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.

त्यानं इस्त्री वापरली. पोलीस आले तेव्हा तो जिन्यात बसून रडत होता आणि शेजारच्या काकूंना सांगत होता की आपला तिच्यावर फार जीव आहे. धाकटी जगली. जबडा तारेनं बांधला, डावा डोळा गेला, आणि उजव्या हाताची तीन बोटं, ज्यांनी ती सुई धरायची, डॉक्टरांनी नुसती बघितली आणि त्याबद्दल काही बोलायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं. आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली, मग दार लावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांची सहानुभूती नेहमी कंपनीच्या गेटपर्यंत येऊन थांबायची.

"कार्ड आपण सोमवारीच रद्द केलं. त्याची नोंद आहे. म्हणजे आपली बाजू स्वच्छ."

"दारानं उघडलं, साहेब."

"हं. दार उघडल्याचे मेसेज आपण किती दिवस ठेवतो?"

"तीन दिवस. मग झाडू नेतो."

"म्हणजे सोमवारी."

"सोमवारी."

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "आपोआप जे होतं त्यात कुणी हात घातला असं होत नाही. आणि कुणी ते मागितलंही नाहीये अजून. त्याचा वकील म्हणतोय की तिनंच त्याला वर बोलावलं, तिनंच दार उघडलं. ते त्यांचं ते बघतील." मग ते म्हणाले, "मुदत एका दिवसावर कुणी आणली, हे मी कुठे बोललो नाही. तुझ्यासाठीच सांगतोय हे."

"मी आणली."

"तेच तर म्हणतोय."

थोरली बाहेर आली, आपल्या खुर्चीवर बसली आणि तिनं झाडू थांबवला. एका दाराचा नाही, सगळ्याचा. त्या नोकरीत तिनं हे कधी केलं नव्हतं. घर झाडताना मध्येच केरसुणी ठेवावी तसं वाटलं. मग मागच्या दाराचे मेसेज वेगळे काढले, मुदत बदलल्याची नोंद तिच्या नावासकट त्यांच्या वर ठेवली, आणि तपासाच्या बाईंना फोन केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात डिस्कचा पट्टा पिवळा झाला होता. दोन दिवसांत लाल होईल, मग सगळ्या शहरातली दारं अडखळतील, मग तिला काढतील. काढू देत.

तपासाच्या बाई दवाखान्यातच आल्या. कॉरिडॉरमधल्या बाकावर एका बाजूला आई, एका बाजूला थोरली. त्यांनी मेसेज पाहिले, दोनदा समजून घेतले, मान हलवली.

"आत तो कसा शिरला ते कळलं. आता आधीचं. पूर्वी मारल्याचं काही आहे का? फोटो, मेसेज?"

"मला पाठवायची ती," थोरली म्हणाली. "मी... फोन साफ करते मी महिन्याच्या महिन्याला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्त लागली.

"लिहून घ्या," आई म्हणाली.

थोरलीला वाटलं, आता ही जावयाचं शेवटचं बोलणं सांगणार. आईनं पिशवी मांडीवर घेतली, पण उघडली नाही. नुसती दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि बोलू लागली. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, भाजी जास्त शिजली म्हणून, उलट्या हातानं, कानावर. त्यानंतर नळ चालू राहिला म्हणून. त्यानंतर काहीच नाही म्हणून. कोणत्या साडीवर, कोणत्या खोलीत, शेजारी कोण होतं, डॉक्टरांना पडली म्हणून काय सांगितलं, आणि त्यानं फोनवर काय शपथ घेतली. दर वेळची शपथ वेगळी. एकही आईनं गाळली नाही. सहा वर्षं, पहिल्यापासून, क्रमानं. मध्येच थांबून तिनं पिशवीतून एक तुटका चष्मा काढला. "हा धाकटीचा, तेव्हाचा. ही कपाट आवरायला यायची म्हणून मी पिठाच्या डब्यामागे ठेवला होता."

बाई लिहीत राहिल्या.

"तुला सगळं आठवत होतं?" शेवटी थोरली म्हणाली. "सगळं? मग 'जावई म्हणतात आता पुन्हा नाही' हे काय होतं?"

आईनं चष्म्याची काडी मिटायचा प्रयत्न केला. ती मिटत नव्हती. "दुसरं काय सांगणार होते मी तुम्हाला?" ती म्हणाली. "आठवणं वेगळं आणि बोलणं वेगळं, बाई."

संध्याकाळी थोरलीला आत सोडलं. धाकटी भिंतीला टेकून बसवलेली. तोंड तारेनं बांधलेलं, उरलेला डोळा उघडा. थोरलीनं स्टूल ओढलं आणि सांगून टाकलं. फुली, झाडू, मुदत, गप्पूला सांगायचं राहिलेलं, मंगळवारी उचललेलं. काही सोपं केलं नाही. धाकटीनं सगळं ऐकलं. तिला यंत्रातलं फारसं कळत नसे, पण हे तिला कळलं.

"त्या दाराची पाटी आता कोरी केली," थोरली म्हणाली. "सगळ्याच दारांची केली. मुदतही वाढवली. आता त्या कार्डाला काही उघडणार नाही. आणि तू इथून माझ्याकडे यायचं. मशीन, बॅगा, काय असेल ते घेऊन. कोपरा रिकामाच आहे."

तारेच्या आतून शब्द यायला वेळ लागला. धाकटीनं तो घेतला.

"सोमवारी," ती म्हणाली, "असंच सांगितलं होतंस."

तिनं तो उरलेला डोळा मिटून घेतला. थोरली स्टुलावर बसून राहिली. पायाशी औषधाच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग पडला होता. तिनं त्याला हात लावला नाही.